रोमा वस्तीत सेवा आणि आपलं घर: व्हिएन्नाच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

जय ख्रिस्त ताई. तुमचा प्रश्न परवा वाचला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज कामं आवरून निवांत लिहायला बसले, लांबेल पण सांभाळून घ्या. तुम्ही मूळच्या नाशिकच्या, 3 वर्षं व्हिएन्नाला, मिस्टरांची नोकरी तिथेच, मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा सहाचा, आणि आता तुमच्या मंडळीने विचारलंय की पूर्व स्लोवाकियात कोशित्से शहराच्या पुढे रोमा (ज्यांना लोक जिप्सी म्हणतात) वस्तीजवळ पूर्णवेळ सेवेला जाल का. तुम्ही विचारलंय की वस्तीत राहायचं की बाहेर, मुलांचं नुकसान होईल का, तिथे मुलींची पंधरा-सोळाव्या वर्षी लग्नं होतात त्यावर आपण बोलावं का, आणि शेवटी एका ओळीत, "सेवा आधी की कुटुंब आधी?"

मी आणि आमचे हे, आम्ही त्याच भागात 14 वर्षं आहोत. हे पाळक आहेत, मी बायकांमध्ये आणि संडेस्कूलमध्ये काम करते. दोन मुलं इथेच वाढली. तर जे सांगते ते इथलं आहे हे आधी लक्षात घ्या. युरोपात रोमा लोक 1 कोटी ते 1 कोटी 20 लाख असावेत असा अंदाज देतात, त्यातले साधारण 60 लाख युरोपियन युनियनमध्ये, आणि ते सगळे एकसारखे अजिबात नाहीत. रोमानियातले काल्देराश वेगळे, ट्रान्सिल्व्हेनियातले गाबोर वेगळे (मोठ्या टोप्या, झुपकेदार मिशा, आणि त्यांच्यातले बरेच जण सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट), जर्मनीतले सिन्ती वेगळे, स्पेनचे गितानो वेगळे. आमच्या स्लोवाकियात चार लाखांच्या वर रोमा आहेत, बरेच जण गावात-शहरात इतरांसारखेच राहतात, आणि बाकीचे ज्याला इथे ओसादा म्हणतात तशा वस्त्यांत. गाडी, घोडा, पालं हे चित्र मनात असेल तर काढून टाका, इथले बहुतेक रोमा पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहतायत. त्यामुळे माझं बोलणं दुसऱ्या देशातल्या कुणाला जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही सेवा एका पारड्यात आणि कुटुंब दुसऱ्या पारड्यात घालून विचार करताय, मीही तसाच करत आले होते. पण रोमा लोकांत ही दोन पारडी नसतातच. आमचा पहिला हिवाळा सांगते. एका घरी गेलो, एकच खोली, मधोमध लाकडाची शेगडी, आणि आजी त्या शेगडीच्या तापलेल्या लोखंडी पत्र्यावर मारिक्ली भाजत होती. मारिक्ली म्हणजे त्यांची जाडसर भाकर, मैद्याची, थोडा सोडा घातलेली, आणि आजी ती उलथन्याशिवाय, नुसत्या बोटांनी उलटत होती, अगदी माझी आजी उलटायची तशी, मला तिथेच भरून आलं. मी स्लोवाक भाषेत पाठ केलेली ओळख सांगायला लागले, आम्ही अमुक मंडळीकडून आलोय, असं असं काम करतो, तर तिने मला थांबवलं आणि विचारलं, "कास्केरी साल?" म्हणजे, कुणाची गं तू? आपल्याकडे खेड्यात म्हातारी माणसं ओट्यावरून विचारतात ना, तोच प्रश्न. मग पुढचे प्रश्न, किती पोरं, नवरा मारतो का, सासू आहे का, आणि सगळ्यात शेवटी, "तुझी आई कुणाजवळ आहे?" मी म्हटलं, आई तिकडे, नगर जिल्ह्यात, भावाजवळ. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आईला सोडून तू आम्हाला देवाचं सांगायला आलीस?

ताई, त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. आणि मला त्या दिवशी कळलं की ही माणसं आपलं प्रवचन नंतर ऐकतात, आधी आपलं घर वाचतात. नवरा-बायको एकमेकांशी कसं बोलतात, मुलं मोठ्यांसमोर कशी वागतात, म्हाताऱ्या आईबापांना पैसे पाठवतो का, फोन करतो का. इथे माणूस एकटा असा नसतोच, तो कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी फ्राल म्हणजे भाऊ, कुणाची तरी बोरी म्हणजे सून असतो. त्यामुळे कुटुंब बाजूला ठेवून सेवा करू म्हणाल तर तुमच्या हातात दाखवायला काहीच उरत नाही.

हे मी मनचं सांगत नाहीये. फ्रान्समध्ये 1950 च्या दशकात क्लेमाँ ल कोसेक नावाच्या ब्रिटनीतल्या पाळकांच्या कामातून जिप्सी लोकांत मोठी आध्यात्मिक जागृती झाली, ती कशी पसरली बघा, नात्यांमधून. एका घरातला मुलगा प्रार्थनेनंतर बरा झाला, ते चुलत्याला कळलं, चुलत्याकडून मेव्हण्याला, आणि ल कोसेकांनी लवकरच त्यांच्यातलेच प्रचारक तयार केले, मग हेच लोक स्पेनला गेले आणि तिथे फिलाडेल्फिया नावाची मोठी मंडळी उभी राहिली जिचे पाळक गितानोच आहेत. बाहेरच्या माणसाने दार उघडलं असेल, पण घरातून घरात नेलं ते नात्याच्याच माणसांनी.

आणि आम्ही उलटं करून बघितलंय, त्याची किंमतही मोजलीय. दुसऱ्या वर्षी एकोणीस वर्षांचा एक मुलगा विश्वासात आला, रोज घरी यायचा, वचन वाचायचा, आम्ही इतके आनंदात की तीन महिन्यांत त्याचा बाप्तिस्मा केला. त्याच्या घरी सांगायला गेलोच नाही. प्रौढ आहे, त्याचा निर्णय, असं आम्ही धरून चाललो. घरच्यांना वाटलं आम्ही पोरगा पळवला. बापाने बोलणं टाकलं, आजीने आमच्या गल्लीतून जाणं सोडलं, आणि तो मुलगा ना धड त्यांचा ना धड आमचा, सहा महिन्यांत तो इंग्लंडला कामाला निघून गेला. चूक पूर्ण आमची होती. त्यानंतर हे कुणाच्याही बाप्तिस्म्याआधी त्याच्या घरी जाऊन बसतात, परवानगी मागायला नाही तर मान द्यायला, आजी-आजोबांसमोर सगळं मोकळेपणाने बोलतात. वेळ लागतो, एकदा तर दीड वर्ष लागलं, पण त्या दीड वर्षानंतर एकाच्या जागी सात जण आले.

राहायचं कुठे. हे परिस्थितीवर आहे, खरंच. कोशित्सेच्या लुनिक 9 या रोमा वस्तीत सलेशियन संघाचे कॅथलिक फादर वस्तीतच राहतात आणि त्याचं मोल लोकांना कळतं, पोप फ्रान्सिस 14 सप्टेंबर 2021 ला तिथे गेले तेव्हा जगाने ती जागा टीव्हीवर पाहिली. पण फादरांना लहान मुलं नाहीत. तुमचा मुलगा सहाचा आहे. बऱ्याच ओसाद्यांत घराघरात नळ नाही, हिवाळ्यात एका सार्वजनिक नळावर बादल्या भरायच्या. माझं मत, पहिली 2 वर्षं गावात घर घ्या, पण वस्तीपासून पायी जाता येईल इतकं जवळ. गाडीने येणारा माणूस पाहुणा असतो, चालत येणारा शेजारी होतो.

आणि दाराला उंबरा ठेवा. आम्ही पहिली 3 वर्षं ठेवला नाही. सकाळी सातला कुणी साखर मागायला, रात्री अकराला कुणी भांडण सोडवायला, जेवताना चार जण, आणि आम्हाला वाटायचं की हीच सेवा, नाही म्हणणं म्हणजे प्रेम कमी. एक दिवस दार वाजलं आणि सात वर्षांचा आमचा मोठा पटकन टेबलाखाली जाऊन बसला आणि म्हणाला, आई, सांग ना आपण घरी नाही. मी त्या रात्री खूप रडले. दुसऱ्या दिवशी मी त्याच मारिक्लीवाल्या आजीकडे गेले आणि तिलाच विचारलं, काय करू. ती म्हणाली, अगं मग सांग ना की आज पोरांचा दिवस आहे! पोरांचा दिवस म्हटल्यावर इथे कुणाला वाईट वाटत नाही, उलट आम्ही आधी का सांगितलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं. तेव्हापासून सोमवार आमचा बंद, संध्याकाळी सातनंतर फक्त आजारपण आणि मरण. आणि मरण असेल तर मात्र सगळं सोडून जायचं, कारण इथे मयताजवळ रात्र-रात्र जागतात, मेलेल्या माणसाच्या आत्म्याची, मुलोची, भीती खूप असते, आणि त्या रात्री तुम्ही नुसतं शेजारी बसून राहिलात तरी घर ते विसरत नाही.

मुलांचं नुकसान होईल का? होऊ शकतं, आणि ते वस्तीमुळे होण्यापेक्षा शाळेमुळे होण्याची भीती मला जास्त वाटते. इथे रोमा मुलांना वेगळ्या वर्गात, वेगळ्या मजल्यावर, कधी थेट विशेष शाळेत बसवायची जुनी खोड आहे. शेजारच्या झेक देशाविरुद्ध याच गोष्टीवर युरोपियन मानवाधिकार कोर्टाने 2007 मध्ये निकाल दिला, आणि स्लोवाकियाला युरोपियन कमिशनने 2023 मध्ये याच कारणासाठी कोर्टात नेलंय. आता तुमच्या मुलीचा रंग आपल्यासारखा. पहिल्या दिवशी तिला बघून शाळेत काय समजतील ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या धाकटीला ऑफिसातल्या बाईंनी काही न विचारता रोमांच्या वर्गाकडे हात दाखवला होता. आम्ही वर्ग बदलून घेतला, पण तिची वस्तीतली मैत्रीण त्याच वर्गात राहिली आणि मुलीने विचारलं की तिच्यासाठी का नाही बोललात, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे आम्ही तिच्या आईबरोबर जाऊन बोललो, 2 वर्षं लागली. म्हणून मुलीला आत्ताच विश्वासात घ्या, बारा वर्षांची आहे, तिला सगळं कळतं. तिला तिथे दोन-तीनदा नेऊन आणा आणि तिचं मत खरोखर मोजा. ती नको म्हणाली तर मी थांबेन, असं मला वाटतं, दोन वर्षांनी काम तिथेच असेल.

भारताचा विषय निघेलच म्हणून सांगते. रोमा लोकांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले आणि ते भाषेत अजून दिसतं, पानी म्हणजे पाणी, नाख म्हणजे नाक, कान म्हणजे कान, याख म्हणजे डोळा, येख दुय त्रिन श्तार पांज असं मोजतात, देवाला हाक मारताना देवला म्हणतात, धर्मगुरूला राशाय, आणि काही बोलींत क्रूसाला चक्क त्रुशुल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. वस्तीत पोरं तुमच्याभोवती गोळा होऊन म्हणतील तुम्ही आमच्यातले. हा आनंद घ्या, पण त्यावर घर बांधू नका. आपल्याकडे सर्रास म्हणतात की हे म्हणजे आपले बंजारा, तसं सिद्ध झालेलं नाही, ते बोलू नका. दार उघडायला भारत कामाला येतो, आत बसून राहायला नाही.

मला स्वतःला जवळचं वाटतं ते दुसरंच. माझी पणजी नगर जिल्ह्यात महारवाड्यात राहायची, गावकुसाबाहेर, पाण्याला वेगळी. इथे ओसादा ओढ्यापलीकडे असतो. 2009 मध्ये ऑस्त्रोवानी गावात गाव आणि वस्ती यांच्यामध्ये साधारण दीडशे मीटर लांबीची काँक्रीटची भिंत बांधली. मी ती बघायला गेले आणि मला काही समजावून सांगावं लागलं नाही. आपल्या घरांत येशू आला तो माणूस म्हणून उभं करत आला, आपल्या आज्यांना अक्षर देत आला, हे तुम्ही तिथे सांगू शकता, आणि हे सांगायला स्लोवाक पाळकापेक्षा तुमच्याकडे जास्त आहे. फक्त हेही माहीत असू द्या की चर्च त्यांच्यासाठी कोरी पाटी नाही. आजच्या रोमानियाच्या भागात शेकडो वर्षं रोमा गुलाम होते, आणि मालकांमध्ये मठही होते, शेवटची सुटका 1855-56 मध्ये झाली. पोप फ्रान्सिसनी 2 जून 2019 ला रोमानियात ब्लाझला जाऊन रोमा लोकांची माफी मागितली. तसंच, डॉक्टरकडे चल म्हटल्यावर एखादी बाई का दचकते हे कळत नव्हतं, नंतर कळलं की जुन्या चेकोस्लोवाकियात आणि त्यानंतरही रोमा बायकांची न सांगता, न समजावता नसबंदी केली जायची, स्लोवाक सरकारने 2021 मध्ये त्याबद्दल माफी मागितली. तिच्या आईच्या बाबतीत झालं असेल. तिच्याबरोबर जा, बाहेर बाकावर बसा, कागदावर सही करण्याआधी वाचून दाखवा. माझ्या 14 वर्षांतली निम्मी सेवा अशा बाकांवर झालीय.

आता मुलींचं. आधी एक दुरुस्ती, इथल्या वस्त्यांत ठरवून लवकर लग्न लावणं तेवढं नाही, ते रोमानियातल्या काही पारंपरिक गटांत जास्त दिसतं. इथे बहुतेकदा सोळा-सतरा वर्षांची दोघं एकत्र राहायला लागतात, मूल होतं, आणि लग्न नंतर कधीतरी किंवा नाहीच. सगळ्या घरांत नाही, शहरातल्या शिकलेल्या रोमांना तर हे ऐकून वाईट वाटतं, म्हणून "रोमांमध्ये असंच असतं" असं वाक्य तोंडातून काढू नका. गरिबी, शाळेतून मन उडणं आणि एका खोलीतली दहा माणसं, हे त्याचं मूळ आहे. माझ्या स्वतःच्या आजीचं लग्न तेराव्या वर्षी झालं, हे मी तिथे सांगते, म्हणजे मी वरून बोलत नाही हे त्यांना दिसतं.

बोलावं का? हो, बोलावं, पण व्यासपीठावरून नाही. आमच्या मंडळीचा नियम आहे की अठराच्या आत कुणाचंही लग्न आशीर्वादित करायचं नाही, कायदाही साधारण तोच. कुठे जबरदस्ती असेल, मुलगी घाबरलेली असेल, वयाने मोठा माणूस असेल, तर संस्कृती वगैरे काही नाही, सरळ बालसंरक्षणाच्या ऑफिसला कळवायचं, नातं तुटलं तर तुटू द्या. पण बाकी वेळी काम होतं ते आयांमधून. एक चाळिशीची आजी, हो, चाळिशीची आजी, माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता आपल्या नातीला म्हणाली की मला नर्स व्हायचं होतं, मी सोळाव्या वर्षी तुझ्या आईला कुशीत घेतलं, तुझ्या आईवर माझा जीव आहे पण तो कोट मला अजून स्वप्नात दिसतो. मी शंभर वर्ग घेतले असते तरी ते झालं नसतं. ती नात आता नर्सिंगच्या शाळेत आहे. आणि जी मुलगी बाळ घेऊन येते तिला मागच्या बाकावर बसवू नका, मंडळीत उभं करून काही कबूल करायला लावू नका. तिचं बाळ तुम्ही घ्या आणि तिला पुढे गायला पाठवा. गाणं तर त्यांच्या रक्तात आहे म्हणतात, मी म्हणेन सरावात आहे, पोरं तीन वर्षांची असल्यापासून ऐकतात. त्यांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या चालीत गाऊ द्या. रेव्हरंड टिळकांनी आपल्याला अभंग-ओवीत ख्रिस्त दिला नसता तर आपल्या आज्यांनी एवढ्या मनापासून गायलं असतं का?

पैशाचं थोडक्यात. मागतील. उसने देऊ नका, वस्तीत सावकारी आहे आणि तुम्ही नकळत त्या यादीत जाता. द्यायचं तर दिलं म्हणून द्या, वस्तू द्या, आणि दोघांनी ठरवून द्या, एकाने दुसऱ्याला न सांगता कधीच नाही. आमचं नवरा-बायकोचं सगळ्यात मोठं भांडण 50 युरोवरून झालंय आणि ते पूर्ण गल्लीने ऐकलंय. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एकत्र वस्तीत गेलो आणि यांनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. पुरुषांना ते फार विचित्र वाटलं. बायका आजही ती गोष्ट सांगतात.

बारीक गोष्टी: मिस्टरांनी घरात पुरुष नसताना एकट्या बाईकडे बसू नये, तुम्ही बरोबर हवं. जुन्या वळणाच्या घरांत, खास करून व्लाख रोमांकडे (हा त्यांच्यातलाच एक गट), सोवळं-ओवळं असतं, भांड्यांची बादली वेगळी, कपड्यांची वेगळी, कमरेखालचे कपडे आणखी वेगळे, म्हणून मदतीच्या उत्साहात हात घालण्याआधी विचारा, आपल्याला हे समजायला अवघड नाही. मुलांचे फोटो काढून मंडळीच्या पत्रकात छापू नका. आणि कुणी तुम्हाला बाळाची धर्ममाता व्हा म्हणालं तर लगेच हो म्हणू नका, ते नातं जन्माचं असतं, कर्जापासून कोर्टापर्यंत सगळ्याला उभं राहावं लागतं.

शेवटचं, जून-जुलैमधल्या समर कॅम्पवरून ठरवू नका. तेव्हा सगळं छान असतं, पोरं, फुटबॉल, गिटार. फेब्रुवारीत जा, चिखल आणि बर्फ असताना, चौघं जा, एक आठवडा राहा. आणि सासूबाई नाशिकला एकट्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, तर निघण्याआधी त्यांच्याशी बसून बोला आणि त्यांचा एक चांगला फोटो कागदावर प्रिंट करून बरोबर घ्या, मोबाईलमधला नको. कुणीतरी आजी तुम्हाला विचारणारच, आणि तेव्हा तो तिच्या हातात द्या. माझ्या आईचा फोटो त्या शेगडीच्या वरच्या भिंतीवर 9 वर्षं लावलेला होता, आई गेली तेव्हा त्या घरात रात्रभर मेणबत्ती जळत होती आणि मी तिथेच बसले होते.